तळ्याच्या बर्फाला आलेला वास

कामिसावा, २ जून १९५८

भावजींस,

डोंगराची कोवळी पानं आता गडद होऊ लागली. तुमच्या साप्पोरोला अजून सकाळी शेगडी लागत असेल. गरम कपडे घालायला आळस करू नका. इथे देवाच्या फळीवर रोज तुमच्या नावाचं पाणी ठेवते.

लिहिण्याचं कारण चांगलं नाही. आसाकुसाच्या होरिकोशींनी आपल्या बर्फाच्या सतरा लाद्या परत पाठवल्या. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. त्यांच्या दुकानात एका बाईनं किसलेल्या बर्फाचा पहिलाच घास रुमालात थुंकला आणि म्हणाली, "ह्याला दिव्याचा वास येतो." होरिकोशींनी स्वतः चाखलं आणि लाद्या परत गाडीत भरायला लावल्या. चिठ्ठीत त्यांनी एवढंच लिहिलं आहे: "तळं बिघडलं असेल तर कळवा, म्हणजे आम्ही दुसरं तळं बघू. कोठी बिघडली असेल तर ती धुता येते."

तुमचे दादा त्या दिवसापासून करवतीला धार लावत बसलेत. धार आधीच लागलेली आहे. कुणाशी बोलत नाहीत.

तळं त्यांचं, ते मला ठाऊक आहे. पाणी ते सोडतात, पानं ते काढतात, बर्फ पडला की पहाटेपासून मुलाला, तात्सुओला, घेऊन ते झाडतात. पण बर्फकोठी सुनेकडे असते. भुसा बदलणं, लाद्या मोजून देणं, दार लावणं, सगळं मिसाओचं. आणि कोठीत अंधार म्हणून ती आत दिवा नेते. मी पाच वर्षं सांगते आहे, दार उघड नि बाहेरच्या उजेडात काम कर. उजेड फुकट असतो. पण मासेमारांची मुलगी ती. त्यांच्या घरात दिवे असे जळतात, जसं काही रॉकेल समुद्रातून येतं.

तिला विचारलं तर म्हणते, "आई, दिवा मी दाराशी टांगते, आत नाही नेत." मग वास कुठून आला?

भावजी, तुम्ही बर्फातून काय जातं आणि काय जात नाही, ह्याचाच अभ्यास करता ना? मागे तुमचे दादा हसले होते त्यावर. आता हसत नाहीत. लादीकडे पाहून सांगता येतं का, की वास गोठताना आत शिरला की नंतर कोठीत लागला? तेवढं एक सांगा. होरिकोशींना उत्तर द्यायचं आहे, आणि घरात काय करायचं तेही त्यावरच ठरेल.

तुमची वहिनी,
तोयो

*

साप्पोरो, ९ जून

वहिनींस नमस्कार,

पत्र मिळालं. तीन वेळा वाचलं. दादांना सांगा, करवत झिजेल.

सांगता येतं. माझं सगळं आयुष्य ह्याच प्रश्नावर चाललं आहे, आणि तो घरातून विचारला जाईल असं कधी वाटलं नव्हतं.

तुम्ही लोकर विणता तशी कल्पना करा. बर्फाच्या स्फटिकात पाण्याचा प्रत्येक कण चार शेजाऱ्यांचे हात धरून उभा असतो. मध्ये मोकळ्या जागा राहतात. फुग्यात भरतात तो हलका वायू त्या जागांतून उड्या मारत आरपार निघून जातो, जसा काही बर्फ नव्हताच. पण रॉकेलचा कण थोराड. त्याला स्फटिकातून वाट नाही. तो जातो ते सांध्यांतून, जिथे एक स्फटिक संपतो आणि दुसरा लागतो तिथून. दादांचा बर्फ हळूहळू गोठलेला, त्याचे स्फटिक तळहाताएवढे, म्हणून सांधे थोडे. बाहेरून लागलेला वास सहा महिन्यांत बोटभरही आत जात नाही. मी मोजलं आहे.

म्हणून परीक्षा सोपी. वास फक्त बाहेरच्या कडेला असेल, तर तो कोठीतला. लादीच्या पोटात असेल आणि कड स्वच्छ असेल, तर तो तळ्यातलाच, गोठतानाचा.

एक अख्खी लादी पाठवा. भुशात गुंडाळून, पेटीत कोरडा बर्फ घालून. आइस्क्रीमवाल्याकडे तो धूर सोडणारा मिळतो, तोच. मासळीच्या गाडीनं तीन दिवसांत येईल. जिल्ह्याच्या तपासणीकडे मात्र पाठवू नका. त्यांना ह्यातलं कळत नाही, उगीच बभ्रा होईल. मलाच पाठवा.

तोवर कुणाला दोष देऊ नका. मिसाओ नीटनेटकी मुलगी आहे.

तुमचा,
शिन्साकू

ता. क. दक्षिण ध्रुवावर जाणाऱ्या मोहिमेच्या यादीत माझं नाव सुचवलं गेलं आहे. तिथे बर्फात खोल भोक पाडायचं आहे आणि गिरमिट माझ्या हातचं आहे. अजून पक्कं नाही. कुणाला सांगू नका.

*

कामिसावा, २१ जून

भावजींस,

लादी काल रवाना केली. तात्सुओ स्टेशनपर्यंत पाठीवर घेऊन गेला. पाऊस लागला होता, पण पेटीवर मी तेलकागद बांधला होता. तो कागद परत पाठवा.

ध्रुवाचं ऐकून तुमच्या दादांनी फळीपुढे दोनदा टाळी वाजवून डोकं टेकलं. कुणाला सांगितलं नाही. फक्त देवळातल्या पुजाऱ्यांना, आणि ते सगळ्यांना सांगतात.

दोष देऊ नका म्हणता. मी दोष देत नाही. पण घर म्हटलं की काही रीत असते. तुमचं उत्तर येईपर्यंत मिसाओनं कोठीत पाय ठेवायचा नाही, आणि स्वयंपाकाला हात लावायचा नाही. जिच्या हाताला वास असेल, तिच्या हातचं देवाला चालत नाही. तिचं ताट मी ओसरीवर ठेवते. भात, मिसोचं सार आणि मुळ्याचं लोणचं, कमी काही नाही. किनू तिच्या मागे जाऊन बसते. चार वर्षांच्या पोरीला काय कळतं. परवा ती आजोबांना म्हणाली, "आईचे हात हुंगा, काही वास नाही." तुमच्या दादांनी मान फिरवली.

गावात कुजबुज चालू आहेच. विहिरीवर शेजारीण म्हणाली, "तोयोबाई, सून बदलली की चव बदलते म्हणतात." मी म्हटलं, "तुमच्याकडे तर तीच सून आहे, तरी सार आंबटच." हसून सोडलं.

पण एक सांगते. मिसाओ रडत नाही. ती उलट मला धीर देते. रोज सकाळी पोस्टमन दिसला की म्हणते, "आई, काकांचं पत्र येऊ दे. त्यांना माहीत आहे सगळं." मी विचारलं, "काय माहीत आहे?" तर म्हणाली, "बर्फाचं."

तिचा तुमच्यावर असा विश्वास आहे, जसा मी देवीवर ठेवते. तेव्हा काय ते स्पष्ट लिहा. तात्सुओच्या वडिलांनी ठरवलं आहे: दोष तळ्याचा निघाला तर ह्या वर्षीचा सगळा बर्फ ओढ्यात टाकायचा. दोष सुनेचा निघाला तर सून माहेरी जाईल, आणि किनू ह्या घरची आहे, ती इथेच राहील. दोन्हीपैकी एक.

तोयो

*

साप्पोरो, ६ जुलै

वहिनी,

लादी नीट पोहोचली. तेलकागद सोबत आहे.

तपासणीला वेळ लागला. तुमचं पत्र समोर ठेवूनच काम केलं, म्हणून प्रत्येक गोष्ट दोनदा मोजली.

वास बाहेरच्या कडेला आहे. साधारण अर्धं बोट खोल, सगळीकडून. सांध्यांतून आत सरकलेला आहे, जसा सांगितला होता तसाच. पोट स्वच्छ आहे. तळ्याच्या पाण्यात काही दोष नाही. होरिकोशींना हे निःशंक कळवा. माझ्या संस्थेच्या शिक्क्याचा कागद वेगळा जोडला आहे, तोच त्यांना पाठवा म्हणजे पुरे.

वास कोठीत लागला. कोणामुळे, हे बर्फ सांगत नाही आणि मीही सांगू शकत नाही. हे मी मुद्दाम लिहितो आहे. चूक कुणाकडूनही होते. घरात मोठ्या मनानं घ्या.

मोहिमेचं पक्कं झालं. सप्टेंबरात वर्तमानपत्रात नावं येतील.

शिन्साकू

*

कामिसावा, १२ जुलै

काकांना नमस्कार.

हे पत्र पोस्टमनच्या बायकोकडे बसून लिहिते आहे. अक्षर वाईट आहे, माफ करा.

तुमचं पत्र आईंनी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. मी दाराशी होते. मला वाटलं आईंनी ओळ चुकवली. मी म्हटलं, परत वाचा. त्यांनी परत वाचलं.

काका, तुम्ही विसरलात का? १७ जानेवारी होती. देवीचा दिवस. सगळे पुरुष ओकोझे मासा आणि दारू घेऊन वर देवळात गेले होते. तो कुरूप मासा देवीला दाखवला की ती खूष होते, आपल्याहून कुरूप कुणी आहे म्हणून, असं मामंजी दरवर्षी सांगतात. तुम्ही सुटीत घरी आला होतात, पण वर गेला नाहीत, पाय दुखतो म्हणालात. मी तळ्याच्या काठावर मुळे धूत होते. तुम्ही हाक मारलीत, "मिसाओ, दोन मिनिटं हे गिरमिट उभं धर, मला एकट्याला जमत नाही."

मी म्हटलं, बाईनं तळ्याच्या बर्फावर पाय ठेवायचा नसतो, देवी रुसते. तुम्ही हसलात. म्हणालात, "देवी आत्ता वर दादांबरोबर मासा बघतेय. इथे कोण आहे?"

तुम्ही वडिलांच्या जागी. मी चपला काढून, मोजे घालून आले. तेव्हा बर्फ पाच बोटं जाड होता. गिरमिट गोठून अडकू नये म्हणून तुम्ही भोकात डब्यातलं रॉकेल ओतत होतात. गिरमिट आरपार गेलं आणि रॉकेल खाली पाण्यात उतरलं. तुम्ही पळीनं काढू लागलात. मी म्हटलं, काका, ते बर्फाखाली पसरतंय. तुम्ही म्हणालात, "थोडं आहे, वाहून जाईल. दादांना सांगू नकोस, म्हातारा मला घरात घेणार नाही." आणि माझ्या पावलांचे ठसे तुम्ही स्वतः झाडूनं पुसलेत.

मी सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही. मी सांगितलं तर मी तळ्यावर गेले होते हेही सांगावं लागतं. म्हणून मी तुमची वाट बघत होते. तुम्ही मला न अडकवता सांगाल, तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला वाक्य सापडेल, असं वाटत होतं.

मला स्वतःसाठी काही नको. ह्यांनी मला परत पाठवलं तर मी माशांच्या कारखान्यात काम करीन. पण किनू इथे राहील. ती अजून माझा कान धरल्याशिवाय झोपत नाही.

एक ओळ लिहा. "पुन्हा तपासलं, चूक झाली होती," एवढंच लिहा. माझं नाव नको, तुमचं नाव नको.

मिसाओ

*

साप्पोरो, ३ ऑगस्ट

मिसाओ,

तुझं पत्र मिळालं. तू अस्वस्थ आहेस हे समजू शकतो.

तू लिहितेस त्या दिवशी मी घरात पाय शेकत पडलो होतो, असं मला आठवतं. तळ्यावर कुणी गेलं असेल तर मला माहीत नाही. अशा काळात माणसाच्या मनाला काही आधार लागतो आणि ते आठवणी तयार करतं. शास्त्रात हे नेहमीचं आहे.

संस्थेच्या शिक्क्यानं दिलेला कागद मागे घेता येत नाही. तो माझा एकट्याचा नसतो.

वहिनी रागीट नाहीत. नम्रपणे माफी माग. माफी मागणाऱ्याला घर टाकत नाही. हे पत्र जाळ.

शिन्साकू

*

कामिसावा, २५ ऑगस्ट

भावजींस,

पितरांचे दिवस पार पडले. दिवे ओढ्यात सोडले, ह्या वर्षी अर्धेच केले, पितरांना काही मोजायचं नसतं. तुमच्या आईच्या नावाचा दिवा सगळ्यांत पुढे गेला.

होरिकोशींनी तुमचा कागद चौकटीत बसवून दुकानात लावला आहे. ह्या उन्हाळ्यात त्यांनी दरवर्षीपेक्षा जास्त बर्फ नेला. लोक तो कागद वाचायला येतात आणि मग बर्फ खातात. तुमचे दादा पुन्हा बोलू लागलेत. काल म्हणाले, "शिन्साकू लहानपणी करवत उलटी धरायचा." म्हणजे प्रेमानं.

मिसाओ १० तारखेला गेली. तुम्हाला कळायला हवं म्हणून कसं झालं ते लिहिते.

सकाळची पूजा झाल्यावर मी तिला आत बोलावलं. तात्सुओ तिथेच होता. पायाची नखं बघत होता. फारकतीचा कागद चटईवर होता. मी म्हटलं, "तुझा सहीचा शिक्का आण."

ती म्हणाली, "आई, एकदा काकांना बोलवा. माझ्यासमोर विचारा."

"दक्षिण ध्रुवावर निघालेल्या माणसाला तुझ्या दिव्यापायी बोलावू?"

मग ती म्हणाली, "देवीच्या दिवशी काका तळ्यावर होते. त्यांच्या हातात रॉकेल होतं."

मी विचारलं, "तू कुठून पाहिलंस?"

मीच पुढे म्हटलं,

"काठावरून? काठावरून तळ्याचा मधला भाग दिसत नाही. काठाला देवदार दाट आहेत. कुठून पाहिलंस?"

"तळ्यावरून," ती म्हणाली.

तुमचे दादा बाहेर होते. करवतीचा आवाज थांबला. बाईनं तळ्यावर पाय ठेवला, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. ते आत आले नाहीत. बाहेरूनच म्हणाले, "आजच." एवढंच.

खोटं बोलायलाही अक्कल लागते, भावजी. स्वतःला सोडवायला गेली आणि दोन गुन्हे गळ्यात घालून घेतले.

तरी शिक्का देईना. म्हणाली, मुलगी द्या. मी रागावले नाही. समजावलं. म्हटलं, "शिक्का दे, पितरांच्या दिवसांत येऊन मुलीला भेट." तेव्हा दिला. शिक्का वाकडा उठला, पण चालतो म्हणाले कचेरीत.

पितरांच्या दिवसांत ती आली. दोनदा. एवढ्या लांबून आगगाडीचं भाडं भरून. दोन्ही वेळा मी किनूला मागच्या दारानं देवळात नेलं होतं. भेट झाली की जखम ओली राहते. पोरगी पहिले आठ दिवस रडली, आता माझा कान धरते. माझे कान लहान आहेत, तिला पकड मिळत नाही, पण होईल सवय.

मोहिमेला लोकरीचे पायमोजे विणते आहे. जुन्या स्वेटरची लोकर उसवून, म्हणून दोन रंगांचे झालेत.

तोयो

*

साप्पोरो, २७ ऑक्टोबर

वहिनी,

मोजे मिळाले. घालून बसलो आहे. १२ नोव्हेंबरला जहाज सुटेल.

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. आता निघण्यापूर्वी पाठवतोच.

मिसाओ खरं बोलत होती. १७ जानेवारीला मी तळ्यात भोक पाडलं. गिरमिटाची परीक्षा घ्यायची होती आणि ठिकाण मिळत नव्हतं. रॉकेल मी ओतलं. तिला बर्फावर मी बोलावलं. ती नको म्हणत होती. तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, रॉकेल मी पळीनं सगळं काढलं होतं, तेव्हा हे दुसरंच काही असेल. निदान मी स्वतःला तसं सांगितलं, आणि म्हणून तुम्हाला परीक्षा खरी सांगितली.

मग लादी कापली. कड स्वच्छ होती. वास पोटात होता. वरून पाच बोटांवर एक पातळ पट्टा, स्फटिक बारीक बारीक, जसं काही तिथे बर्फाला ठेच लागली, आणि त्या पट्ट्यातून वर-खाली सांध्यांत शिरलेलं रॉकेल. रॉकेल खाली अडकलं आणि बर्फ त्याच्या खालून वाढत गेला, त्याला पोटात घेऊन. मी आयुष्यात पाहिलेला सगळ्यांत स्वच्छ पुरावा होता तो. मी तो वितळू दिला आणि मोरीत ओतला.

त्याच आठवड्यात यादी पक्की व्हायची होती. रॉकेलनं बर्फ बिघडवणारं गिरमिट घेऊन कुणाला ध्रुवावर नेत नाहीत.

तिचं पत्रही मला आलं होतं. त्याचं उत्तर मी जे दिलं, ते तुम्हाला सांगायची हिंमत नाही.

हे पत्र दादांना वाचून दाखवा. होरिकोशींना पाठवायचं तर पाठवा. जहाज सुटण्याआधी हे बाहेर आलं तर मी उतरेन, नंतर आलं तर परत आल्यावर तोंड देईन. पण मिसाओला परत आणा. तिला तिची मुलगी द्या. मी हात जोडून सांगतो.

शिन्साकू

*

कामिसावा, ५ नोव्हेंबर

भावजींस,

पत्र पोहोचलं. हे उत्तर जहाज सुटण्याआधी मिळावं म्हणून आजच टाकते. पोटाला गरम पट्टा बांधत जा.

तुम्ही नवीन काही कळवलं नाही. तुम्हाला लादी पाठवली त्याच दिवशी मी दुसरी एक उभी करवतली. तुम्ही परीक्षा लिहून पाठवलीच होती, मग मलाही करून बघता आली. पाच बोटांवर पट्टा होता. जिभेला लावला, रॉकेल. मग तळ्याची वही काढली. रोज बर्फ किती बोटं झाला ते मी लिहिते, तुमचे दादा सांगतात तसं. पाच बोटं झाली ती १७ जानेवारीला. त्या दिवशी किनू सोडून घरी तीन माणसं होती: मी, ती आणि तुम्ही. मी दिवसभर चुलीपुढे लाल घेवड्याचा भात शिजवत होते. तिला गिरमिट धरता येत असेल, बनवता येत नाही.

म्हणून तुमच्या पत्राची वाट तिच्याइतकीच मीही बघत होते. तुम्ही खरं लिहिलं असतंत तर काय करायचं, हा मला मोठा पेच होता. रात्रंदिवस देवीला विचारत होते. तुम्ही "कडेला" असं लिहिलंत आणि पेच सुटला. तेव्हाच फळीवर जास्तीचं मीठ ठेवलं.

तुम्ही शिकलेले, पण घराचं गणित तुम्हाला जमत नाही. तळं बिघडलं असं झालं असतं तर होरिकोशी गेले असते, आणि त्यांच्यामागे बाकीचे. चार पिढ्यांचं तळं. दीर गुन्हेगार ठरला असता तर तुमच्या दादांनी जीव दिला असता, आणि वर्तमानपत्रात घराचं नाव दुसऱ्याच कारणानं आलं असतं. सून बदलता येते. तळं बदलता येत नाही.

आणि ती तळ्यावर गेली होती, हे तरी खरं ना? मी काही अन्याय केला असं मला वाटत नाही. देवीला कुणीतरी द्यावं लागतं.

नवी सून २० तारखेला येते आहे. दोन डोंगरांपलीकडची, लाकूडतोड्यांच्या घरातली. दिव्याशिवाय काम करायची सवय आहे. तिला मुलगा झाला तर तुमच्या आजोबांचं नाव ठेवणार.

तुमच्या दादांना तुमचं पत्र वाचून दाखवलं. "जहाज १२ला सुटतं, मोजे आवडले," असं त्यांना वाचून दाखवलं. त्यांचे डोळे आता बारीक अक्षराला चालत नाहीत, ते मी वाचेन तेवढंच ऐकतात. खूष झाले. तेव्हा उतरू नका. जा, खोल भोक पाडा, आणि नाव घेऊन या.

मिसाओचं विचारता, म्हणून सांगते. माशांच्या कारखान्यात आहे. दर पंधरा दिवसांनी किनूला पत्र पाठवते. अक्षरं मोठी मोठी काढते, पोराला कळतील अशी, आणि कागदाच्या एकाच बाजूला. पोरीला अजून वाचता येत नाही, आणि दोन वर्षांनी शाळेत बाई शिकवतील तोवर पत्रं थांबतील. कागद टाकवत नाही मला. थंडी आली, खिडक्यांच्या खणांचे कागद फाटले होते, नवा कागद महाग. म्हणून तिची पत्रं खळीनं लावली, लिहिलेली बाजू बाहेर, कोरी बाजू आत. आठ खण झाले. दोन राहिले होते. तुमचं पत्र जाड कागदाचं, दोन पानं, मागून कोरं, ते बरोबर पुरलं.

आता वारा येत नाही. सकाळी ऊन पडलं की मागची अक्षरं उलटी उमटतात आणि किनू त्यांच्यावरून बोट फिरवत बसते. मी तिला बजावलं आहे, फिरव, पण दाबू नकोस. कागद भोसकलास तर थंडी तुलाच वाजेल.

तोयो